वार, व्हायरस आणि पिवळी पिशवी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना मी दर दोन वाक्यांनी "म्हणजे बघा" म्हणतो, त्यातले बरेच इथे गाळलेत. काही राहिलेच असतील, चालवून घ्या.

आज आपण वारेबद्दल बोलणार आहोत. हवेतला वारा नव्हे, आणि सोमवार-मंगळवारातला वारही नव्हे. गरोदर बाईच्या गर्भाशयात बाळासोबत वाढणारी आणि बाळंतपणानंतर बाहेर पडणारी वार, म्हणजे प्लासेंटा. माझ्या गावाकडे गाय-म्हैस व्यायली की जुनी माणसं आधी एकच विचारायची, "वार पडली का?" शहरात हा शब्द कानावर येत नाही. बरेच जण नाळ आणि वार यात गल्लत करतात. नाळ म्हणजे ती दोरी. वार म्हणजे ती दोरी जिथे जाऊन लागते तो मांसल, ताटासारखा गोल अवयव.

मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, हिंजवडीत कोड लिहितो. या विषयात शिरायचं कारण जुलै २०२४ मधला आमचा सकाळचा टीम कॉल. तेव्हा पुण्यात झिकाचे पेशंट सापडायला लागले होते. सुरुवात एरंडवण्यातून झाली, मग शहराच्या इतर भागांतून बातम्या येऊ लागल्या. टीममधली एक मैत्रीण कोथरूडला राहते, तेव्हा पाचवा महिना चालू होता तिला. घराच्या खिडक्यांना जाळ्या लावून, दिवसा पूर्ण बाह्यांचे कपडे घालून बसलेली. कॉलच्या शेवटी ती म्हणाली, "अरे मला एवढंच कुणीतरी सांगा, मला झाला तर बाळाला होणारच का?"

कॉलवर अकरा इंजिनिअर होते. कुणाला काही सांगता आलं नाही. एक जण म्हणाला, "नाही गं, मध्ये प्लासेंटा असतो ना, फायरवॉलसारखा." तिला तेवढ्यापुरतं बरं वाटलं असेल. मला मात्र तो शब्द खटकत राहिला, कारण फायरवॉल काय असते हे आम्हाला माहीत असतं. तिच्यातून काहीतरी आत-बाहेर जातच असतं, नाहीतर तिचा उपयोगच काय? आणि फायरवॉलच कोसळली तर आत व्हायरस शिरला की नाही हा प्रश्न दुय्यम होतो, सगळं नेटवर्कच बंद पडतं. वारेचं जवळपास असंच आहे. आजच्या एपिसोडमध्ये मला मुख्यतः हेच सांगायचंय.

आधी ही वार आहे तरी कशी ते बघू, कारण ती खरंच भन्नाट आहे.

नऊ महिने भरल्यावर वारेचं वजन साधारण अर्धा किलो असतं, रुंदी वीत-सव्वावीत. बाळाच्या बाजूने नाळेतून आलेल्या रक्तवाहिन्या झाडाच्या मुळांसारख्या फुटत फुटत जातात, आणि ही मुळं आईच्या रक्तात लोंबकळत असतात. अक्षरशः. आईच्या रक्तवाहिन्या गर्भाशयाच्या भिंतीपाशी उघड्या होतात, रक्त त्या मुळांवरून वाहतं आणि परत जातं. दिवस भरत आले की मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त असं वाहत असतं. पण आईचं रक्त आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. मध्ये मुळांच्या सालीसारखा एक थर असतो. ऑक्सिजन, साखर, पाणी, सगळी देवाणघेवाण या सालीतून होते. ही साल उलगडून पसरली तर दहा ते चौदा चौरस मीटर भरते. पुण्यातल्या वन बीएचकेची बेडरूम डोळ्यांसमोर आणा, जवळपास तेवढी. अर्ध्या किलोच्या अवयवात!

या सालीचं शास्त्रीय नाव आहे सिन्सिशियोट्रोफोब्लास्ट. नाव पाठ करू नका, आपण सालच म्हणू. तिची गंमत अशी की ती वेगवेगळ्या पेशींची नाहीये. आपल्या त्वचेत, आतड्यात पेशी विटांसारख्या शेजारी शेजारी असतात आणि विटांमध्ये सांधे असतात. जंतूंना त्या सांध्यांतून घुसता येतं. इथे असंख्य पेशी एकमेकींत विरघळून एकच अखंड पेशी झालेली असते. सांधाच नाही, मग घुसणार कुठून?

आता यातली सगळ्यात आवडती गोष्ट सांगतो. या पेशींना एकमेकींत विरघळवणारं जे प्रथिन आहे, सिन्सिटिन, त्याचा जीन मुळात आपला नव्हेच. तो एका व्हायरसचा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या वानरसदृश पूर्वजांना एका रेट्रोव्हायरसची लागण झाली, त्याचा कोड आपल्या डीएनएमध्ये कायमचा बसला, आणि जो जीन तो व्हायरस पेशीला चिकटून आत शिरायला वापरायचा, तोच आपल्या शरीराने वारेची साल बनवायला वापरला. हे २००० साली लक्षात आलं. म्हणजे व्हायरसला अडवणारी भिंत व्हायरसच्याच कोडवर उभी आहे. कुठल्या तरी अनोळखी माणसाने सोडून दिलेली जुनी लायब्ररी आणि तिच्यावर अख्खं प्रॉडक्शन चालू! आमच्या धंद्यात हे रोजचं आहे, पण निसर्गातही असेल असं वाटलं नव्हतं.

ही साल नुसती गप्प बसत नाही. इंटरफेरॉन लॅम्डा नावाचं रसायन ती सतत सोडत असते. हे रसायन आजूबाजूच्या पेशींना व्हायरसविरुद्ध आधीच सावध करून ठेवतं. अमेरिकेत पिट्सबर्गच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की दिवस भरलेल्या वारेतून घेतलेल्या अशा पेशींमध्ये झिका व्हायरस वाढेना. आणि याच सालीतून आईच्या अँटिबॉडीज मात्र मुद्दाम उचलून बाळाकडे पोचवल्या जातात. गरोदरपणात आईला दिलेल्या लसीचा फायदा बाळाला होतो तो यामुळेच.

तर माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे की नाही, आईला झालं म्हणजे बाळाला होतंच असं नाही. बहुतेक व्हायरल तापांत होत नाही. साधी सर्दी, बहुतेक फ्लू, वार अडवते. कोट्यवधी बायका गरोदरपणात कधी ना कधी तापाने फणफणतात आणि बाळं ठणठणीत जन्मतात. हे नीट ऐका, कारण पुढचं ऐकून घाबरायला होईल.

मग झिका कसा पोचतो?

१९४७ मध्ये युगांडातल्या झिका नावाच्या जंगलात एका माकडात हा व्हायरस पहिल्यांदा सापडला. पुढची साठ वर्षं त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. चार दिवस ताप, अंगावर पुरळ, विषय संपला. २०१५ मध्ये ईशान्य ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळं अचानक जास्त संख्येने जन्मायला लागली. कांपिना ग्रांजी नावाच्या शहरातल्या डॉ. आद्रियाना मेलो यांनी सोनोग्राफीत बाळांच्या मेंदूत काहीतरी विचित्र दिसलेल्या दोन गरोदर बायकांचं गर्भजल तपासायला पाठवलं. नोव्हेंबरमध्ये रिपोर्ट आला आणि दोन्हीत झिका निघाला. म्हणजे व्हायरस वार ओलांडून आत गेला होता. १ फेब्रुवारी २०१६ ला जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली.

अभ्यास सुरू झाले तेव्हा कळलं की साल मजबूत असली तरी सालीच्या आत बाळाचे स्वतःचे पहारेकरी असतात, हॉफबाउअर पेशी. जंतू गिळणं हे त्यांचं काम. झिका या पहारेकऱ्यांनाच पकडतो. त्यांना तो पटकन मारत नाही, त्यांच्यातच राहून वाढतो. पहारेकरीच फितूर. तिथून बाळाच्या रक्तात आणि मग मेंदूत. मेंदू घडवणाऱ्या कोवळ्या पेशी त्याला फार आवडतात, आणि त्या मेल्या की मेंदू वाढत नाही. पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त धोका, कारण तेव्हा मेंदूची पायाभरणी चालू असते आणि वारही अजून पूर्ण घडलेली नसते.

तरीसुद्धा आकडा ऐका. गरोदरपणात झिका झालेल्या आयांच्या बाळांपैकी साधारण ५ ते १५ टक्क्यांना झिकामुळे काही ना काही त्रास होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. लहान नाही हा आकडा, अजिबात नाही. पण "झालं म्हणजे संपलंच" असंही नाही. शंभरातली पंच्याऐंशी किंवा जास्त बाळं सुटतात. व्हॉट्सॲपवर तेव्हा जे फिरत होतं त्यात ही बाजू कुठेच नव्हती.

आपल्याकडे महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. २०२४ मध्ये राज्यात १४० रुग्ण नोंदले गेले, बहुतेक पुण्यातले. त्यात गरोदर बायका बऱ्याच, कारण पालिकेने तपासण्या मुद्दाम गरोदर बायकांच्याच जास्त केल्या. व्हायरसने त्यांना शोधून पकडलं असं नव्हे, आपण शोधायला तिथे गेलो. ते योग्यच होतं. ३ जुलैला केंद्राने सगळ्या राज्यांना पत्र पाठवून हेच सांगितलं होतं की गरोदर बायकांची तपासणी करा, आणि पॉझिटिव्ह निघाल्या तर बाळाच्या वाढीवर लक्ष ठेवा. आमच्या मैत्रिणीचा नमुना राष्ट्रीय विषाणू संस्थेत गेला होता, निगेटिव्ह आला. तिची मुलगी आता अख्ख्या घरात पळत असते आणि व्हिडिओ कॉलवर कीबोर्ड बडवते.

इथे पुरुष श्रोत्यांसाठी एक गोष्ट, कारण ही आपल्याला कुणी सांगत नाही. झिका फक्त डासातून येत नाही, शरीरसंबंधातूनही पसरतो. लागण झालेल्या बहुतेकांना काहीच लक्षण दिसत नाही. म्हणून बायको गरोदर असताना नवरा साथ असलेल्या भागात राहून आला असेल, तर उरलेलं गरोदरपण कंडोम वापरावा, असा सल्ला आहे. ओडोमॉस तिने एकटीने लावून भागत नाही.

झिका नवा. पण या सगळ्या प्रकरणाची सुरुवात फार जुनी आहे. सिडनीमध्ये नॉर्मन ग्रेग नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. १९४१ मध्ये त्यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळं एकामागून एक यायला लागली. मोतीबिंदू आणि तोही तान्ह्या बाळांना! त्यांनी आयांना विचारायला सुरुवात केली. ७८ बाळं गोळा झाली, त्यातल्या ६८ जणींनी सांगितलं की गरोदरपणात जर्मन गोवर झाला होता. म्हणजे रुबेला. त्या काळी पक्की समजूत होती की वार काही आत जाऊच देत नाही. सुरुवातीला अनेक डॉक्टरांनी ग्रेग यांचं म्हणणं मनावर घेतलं नाही. आमच्या कॉलवरची "फायरवॉल" ऐंशी वर्षं जुनी आहे बघा.

रुबेला आजही सगळ्यात वाईट. गर्भधारणेच्या आसपास किंवा अगदी सुरुवातीला झाला तर बाळापर्यंत पोचण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत जाते. तो वारेतल्या बाळाच्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर पकडतो, आणि त्या अस्तराच्या मेलेल्या, व्हायरसने भरलेल्या पेशी सुटून थेट बाळाच्या रक्तात वाहत जातात. डोळे, कान, हृदय, तिन्हीवर घाव.

आता हे तुम्हाला का सांगतोय? रुबेलावर लस आहे, आपल्याच पुण्यात सिरममध्ये बनते, जगभर जाते. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये झाली, ९ महिने ते १५ वर्षं वयाच्या मुलांसाठी. शाळेत रांगा लावून दिलेली आठवते का? हिशोब करा. २००३ च्या आधी जन्मलेले आपण सगळे त्या मोहिमेच्या बाहेर. तुमच्या आईबाबांनी लहानपणी खाजगी डॉक्टरकडे एमएमआर दिली असेल तर उत्तम, लहानपणी रुबेला होऊन गेला असेल तरी संरक्षण असतं. पण माहीत आहे का? आमच्या ऑफिसात मी सहज विचारलं, लसीचं कार्ड असलेले दोघं निघाले. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर आधी रुबेलाची अँटिबॉडी टेस्ट करून घ्या, साधी रक्ततपासणी आहे. संरक्षण नसेल तर लस घ्या आणि पुढे निदान महिनाभर दिवस जाऊ देऊ नका. ही जिवंत विषाणूची लस आहे, गरोदरपणात देत नाहीत. म्हणजे दिवस गेल्यावर आठवून उपयोग नाही.

इथपर्यंत आपण "व्हायरस वार ओलांडतो का" एवढंच बघितलं. आता दुसरा प्रकार, आणि हा माझ्या घरातला आहे. वहिनीला विचारून सांगतोय. ती म्हणाली, "सांगा भाऊजी, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. फक्त माझं नाव नको."

एप्रिल २०२१, दुसरी लाट. वहिनीला आठवा महिना होता. घरात सगळ्यांनाच कोव्हिड झाला, तिला सगळ्यात कमी. तीन दिवस ताप, वास गेला, ऑक्सिजन ९७ च्या खाली आला नाही. आम्ही सगळे अप्पांच्या ऑक्सिजन सिलिंडरच्या मागे धावत होतो आणि तिच्या बाबतीत निश्चिंत होतो. दहा-बारा दिवसांनी ती म्हणाली, बाळ कालपासून कमी हलतंय. दुसऱ्या दिवशी दादा तिला घेऊन गेला. सोनोग्राफीत बाळाचे ठोके नव्हते.

बाळंतपण तसंच करावं लागतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मुलगा होता. दिसायला पूर्ण व्यवस्थित. वार पिवळ्या पिशवीत गेली. दवाखान्यातला पिवळ्या पिशवीतला कचरा जाळायला जातो. नियमच तसा आहे, शरीराचे भाग पिवळ्यात. ती तपासायला पाठवायची का, असं कुणी विचारलं नाही. अशी काही तपासणी असते हे घरात कुणालाही ठाऊक नव्हतं. डिस्चार्जच्या कागदावर कारणाच्या जागी "अज्ञात" लिहिलं होतं.

आणि कागदावर कारण नसलं की लोक कारण शोधून देतात. आत्या म्हणाली पपई खाल्ली असेल. शेजारच्या काकू म्हणाल्या, सारखे जिने चढायची. कुणी म्हणालं, लॅपटॉप पोटावर ठेवून काम करायची. वहिनी दोन वर्षं हे सगळं मनात घेऊन फिरली. पपईबद्दल तिने मला स्वतः विचारलंय, तेही एकदा नव्हे.

त्याच महिन्यांत जगात इतरत्र काय चाललं होतं ते मी नंतर वाचलं. २०२१ च्या सुरुवातीला आयर्लंडमधल्या पॅथॉलॉजिस्टना कोव्हिड झालेल्या आयांची बाळं पोटात गेल्यावर तपासलेल्या वारांमध्ये एकच चित्र पुन्हा पुन्हा दिसलं. मग वेगवेगळ्या देशांतल्या डॉक्टरांनी आपापल्या केसेस एकत्र केल्या. १२ देश, ६८ बाळं, त्यातली ६४ पोटातच गेलेली. त्या वारांचा सरासरी ७७.७ टक्के भाग निकामी झालेला होता. पाऊणहून जास्त. जे सापडलं ते तीन प्रकारचं होतं. साल मेलेली, आईच्या बाजूला दाहाच्या पेशींची गर्दी, आणि मुळांच्या मधल्या जागेत फायब्रिन साचलेलं. जखमेवर खपली धरते ना, ते फायब्रिन. आईचं रक्त जिथून वाहायला हवं, तिथेच खपली धरलेली. याला डॉक्टर कोव्हिड प्लासेंटायटिस म्हणतात. आणि बाळं गेली ती मुख्यतः ऑक्सिजन न मिळाल्यामुळे, व्हायरसने त्यांचे अवयव खाल्ले म्हणून नव्हे. यातल्या आयांपैकी कुणीही लस घेतलेली नव्हती.

म्हणजे व्हायरस बाळापर्यंत पोचायची गरजच नाही. त्याने वार बंद पाडली की पुरे. टॉवर पडला की फोन कितीही चांगला असून काय उपयोग. आणि वार बरीच राखीव क्षमता घेऊन चालते, थोडा भाग गेला तरी भागवून नेते, म्हणून बाहेरून काही कळत नाही. आईचा आजार किती जोराचा यावरूनही अंदाज येत नाही. त्यातल्या अनेक जणींना सौम्यच झाला होता.

हे दुर्मीळ आहे, हेही सांगायलाच हवं. अमेरिकेच्या सीडीसीने मार्च २०२० ते सप्टेंबर २०२१ मधली बारा लाखांहून जास्त बाळंतपणं तपासली. कोव्हिड नसलेल्यांमध्ये हजारी सहाच्या आसपास बाळं पोटात दगावली होती. कोव्हिड असलेल्यांमध्ये डेल्टाच्या आधी हजारी दहा, आणि डेल्टाच्या काळात हजारी सत्तावीस. सत्तावीस म्हणजे हजारातल्या नऊशे सत्तरहून जास्त बाळं जिवंतच जन्मली. पण चौपट वाढ म्हणजे चौपट. आपल्याकडची दुसरी लाट डेल्टाचीच होती. गरोदर बायकांना लस घ्यायला परवानगी मिळाली २ जुलै २०२१ ला, लाट ओसरल्यावर. यावर मला अजूनही राग येतो. त्याआधी लसीच्या चाचण्यांत गरोदर बायका घेतल्याच नव्हत्या, त्यामुळे माहिती नाही, माहिती नाही म्हणून परवानगी नाही. सुरक्षिततेच्या नावाखाली त्यांनाच सगळ्यात शेवटी ठेवलं.

वहिनीच्या बाबतीत हेच झालं का? सांगता येत नाही, आणि कधीच येणार नाही. तो पुरावा पिवळ्या पिशवीत गेला. पण पपईने वारेला खपली धरत नाही, हे मी तिला छातीठोकपणे सांगू शकलो. २०२३ मध्ये तिला परत दिवस गेले, तेव्हा डॉक्टरांनी जुनी हकीकत ऐकून दर काही आठवड्यांनी डॉपलर सोनोग्राफी केली. त्यात नाळेतला रक्तप्रवाह दिसतो, म्हणजे वार नीट काम करतेय का याचा अंदाज येतो. पुतणी झाली. आत्याने पहिला झबला शिवला.

तिसरा प्रकार थोडक्यात सांगतो. कधी कधी नुकसान व्हायरस करत नाही, त्याच्याविरुद्धचा गजर करतो. येल विद्यापीठात २०१८ मध्ये झिकावर उंदरांचा एक प्रयोग झाला. एकाच उंदरीणीच्या पोटात दोन प्रकारची पिल्लं होती. काही पिल्लांना इंटरफेरॉनचा एक प्रकारचा संदेश "ऐकू" येत होता, काहींना जन्मतः येतच नव्हता. ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांच्यात व्हायरस जास्त होता, तरी ती वाचली. ज्यांना ऐकू येत होतं ती दगावली, कारण त्या गजराने त्यांच्या वारेची घडणच बिघडवली. माणसात हे किती लागू होतं ते वेगळं, पण व्हायरस आत गेला की नाही एवढंच मोजणं पुरेसं नाही हे यावरून नक्की दिसतं. फ्लूचंही असंच काहीसं. तो स्वतः क्वचितच वार ओलांडतो, पण आईचा तीव्र ताप आणि न्यूमोनिया दोघांनाही महागात पडतो. म्हणून गरोदरपणात फ्लूची लस कुठल्याही महिन्यात देतात. आणि पावसाळ्यात गढूळ पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ई ची कावीळ. ती शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर आईच्याच जिवावर बेतते, अशा बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. गरोदर बाईसाठी पाणी उकळणं हे कौतुक नाही, औषध आहे.

मागच्या एपिसोडनंतर एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली होती, "दादा, माहिती छान असते, पण करायचं काय ते सांग." तर ऐका.

घरात कुणी गरोदर असेल आणि तिला ताप आला, तर "उतरेल आपोआप" म्हणत बसू नका. ताप उतरवायचं औषध डॉक्टरांना विचारून लगेच, आणि ताप कशाचा हे तपासून घ्यायचं. ताप येऊन गेल्यावरही डॉक्टरांना सांगून ठेवायचं, फाइलवर तारीख लिहून घ्यायची. सातव्या महिन्यानंतर बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर त्याच दिवशी दवाखाना. उद्या सकाळी नाही. "बाळ झोपलं असेल," "गोड खाऊन बघ" असं सांगणाऱ्या सगळ्या प्रेमळ माणसांना गाडीत सोबत बसवा हवं तर, पण निघा.

आणि जे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं ते. बाळ पोटात गेलं, फार लवकर जन्मलं, वाढ खुंटलेली निघाली किंवा आईला गरोदरपणात मोठं इन्फेक्शन झालं असेल, तर वार हिस्टोपॅथॉलॉजीला पाठवता येते. कुठल्याही बऱ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती फॉर्मॅलिनमध्ये घालून जाते. व्हायरस शोधायचा असेल तर एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालण्याआधीच बाजूला काढावा लागतो. लॅब लगेच उपलब्ध नसेल तर वार साध्या फ्रीजमध्ये काही दिवस राहते, फ्रीझरमध्ये मात्र ठेवायची नाही, पेशी फुटतात. त्या क्षणी आई-वडील यातलं काही विचारायच्या अवस्थेत नसतात. दीर, नणंद, बहीण, मित्र, कुणीतरी एकाने लेबर रूमच्या दारात उभं राहून नर्सला एवढंच म्हणायचं, "सिस्टर, वार टाकू नका, तपासायला पाठवायची आहे."

रुबेलाच्या टेस्टबद्दल आणि लसीच्या कार्डाबद्दल प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या वेळी आमच्या ओळखीच्या एक स्त्रीरोगतज्ज्ञ येणार आहेत, त्यांनाच विचारू. चला, भेटू.